अब्बांच्या येझदीवरची पांढरी भुकटी

जर्मनच्या पातेल्यात रोज पाणी उकळले की ते आतून काळपट होते आणि एकदा त्यातच चिंचेचे सार केले की पुन्हा लखलखते, हे आमच्या घरातल्या बायकांना कुणी शिकवावे लागले नाही. (लखलखते म्हणजे वरचा काळा थर सारात उतरतो. म्हणून आंबट पदार्थ त्या भांड्यात मुरत ठेवू नये, हे जाता जाता.) पण पडवीत अकरा वर्षे उभ्या असलेल्या अब्बांच्या येझदीच्या इंजिनाची कव्हरे त्याच धातूची आहेत, हे यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत आमच्या ध्यानात आले नव्हते.

सुट्टीच्या आधी एक गिऱ्हाईक गाडी पाहून गेले. ताडपत्री काढली तर इंजिनावर मिठासारखी पांढरी भुकटी आणि काळे डाग. “इंजिन सडलंय सर, भंगाराच्या वर काही देता येणार नाही,” असे म्हणून तो चहा पिऊन गेला. कुवेतहून थोरल्या भावाने फोनवर सांगितले, देऊन टाक, जागा तरी मोकळी होईल. अम्मी काही बोलल्या नाहीत. बोलला तो आमचा भाचा. आयटीआयला शिकतो. “मामू, सुट्टीभर थांबा. सडलंय की नुसतं मळलंय, ते तरी बघू.”

नव्या पिढीसाठी सांगतो. ही येझदी म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची. अडीचशे सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, दोन सायलेन्सर आणि किक व गिअरला मिळून एकच दांडा. तोच आत ढकलून वर फिरवला की किक होई, पुढे पाडला की गिअर. कारखाना १९९६ साली बंद पडला. आता हौशी लोक या गाड्या शोधत गावोगाव फिरतात, आणि भाव पाडायला इंजिनावरचा पांढरा थर त्यांना आयताच सापडतो.

तर सडणे आणि मळणे यांतला फरक. लोखंड गंजते तेव्हा गंज सुटून पडतो आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे होते. ॲल्युमिनियमचे तसे नाही. उघड्या धातूला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा धरतो आणि तोच पुढे धातूला राखतो. पण आमचे घर खाडीकाठी. खाऱ्या हवेतले मीठ आणि ओल मिळून हा पापुद्रा जागोजाग फोडतात, खाली बारीक खड्डे पडतात आणि वर पांढरी भुकटी येते. त्यात आम्ही प्रेमाने गुंडाळलेली प्लास्टिकची ताडपत्री! आतली ओल आतच राहिली. गाडी उघडी ठेवली असती तर कदाचित कमी बिघडली असती. झाकायचेच तर सुती कापड बरे.

पहिल्या दिवशी चूक आम्हीच केली. भाचा ब्रश आणायला बाजारात गेला होता आणि आम्हाला घाई. फरशी धुवायचे ॲसिड हाताशी होते, ते उजव्या कव्हरच्या कोपऱ्यावर ओतले. फेस आला, वाफ आली, आम्हाला वाटले मळ निघतो आहे. पाणी मारल्यावर तो कोपरा राखेसारखा काळपट आणि खरखरीत झालेला. ॲसिडने मळाबरोबर धातूही खाल्ला होता. आमचे विषय उर्दू आणि मराठी, विज्ञानाचा तास शिक्षक कमी पडले की आमच्याकडे येतो. तरी एवढे कळायला हवे होते. कॉस्टिक सोडाही तसाच, किंबहुना जास्तच. तो आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की हायड्रोजन वायू सुटतो, आणि हा वायू पेट घेतो. भाच्याने परत येऊन पाहिले आणि फक्त म्हणाला, “मामू, आता तुम्ही पुसायचं काम करा.”

त्यानंतरचे सगळे त्याच्या म्हणण्याप्रमाणे. कार्ब्युरेटर काढून ते तोंड चिंधीने बंद केले, कारण पॉलिशची कचकच आत गेली तर बेअरिंगची वाट लागते. रॉकेल आणि नायलॉनच्या ब्रशने चिकट काळा थर काढला, मग भांड्याच्या साबणाने धुऊन सुकवले. लोखंडी तारेचा ब्रश त्याने हातात घेऊ दिला नाही. त्याचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि पुढच्या पावसात तांबूस ठिपके उठतात. नुसत्या धुण्याने निम्मी पांढरी भुकटी गेली.

दोन दिवस गेले ते स्क्रू काढण्यात. लोखंडी स्क्रू ॲल्युमिनियमच्या भोकात, मध्ये खारी ओल. दोन धातू असे एकमेकांना धरून बसतात की सांगता सोय नाही. जोर केला असता तर डोकी झिजली असती. रात्रभर तेल मुरवले, सकाळी हातोडीने ठोकायच्या इम्पॅक्ट स्क्रू ड्रायव्हरने एकेक सोडवला. डाव्या कव्हरच्या आत क्लच तेलात असतो, म्हणून आधी गिअरबॉक्सचे तेल काढून घेतले.

मग पाण्यातला पॉलिश पेपर. जिथे खड्डे होते तिथे चारशे नंबरपासून, बाकी ठिकाणी थेट आठशेपासून. पुढे हजार, पंधराशे, दोन हजार. बादलीत साबणाचे पाणी. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदलायची, म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे पुरते गेले की नाही ते दिसते. एक नंबर गाळला की शेवटच्या चकाकीत तो नेमका वर येतो. हे काम सब्राचे. पडवीत बसून आम्ही दोघे पेपर घासत होतो आणि अम्मी मधूनमधून येऊन बघून जात होत्या. शेवटी धातूची पॉलिश जुन्या बनियनच्या तुकड्याने. कापड काळे होत जाते तोवर काम चालू आहे असे समजावे. बफिंगच्या दुकानात हे तासाभरात झाले असते, पण मशीनचा हात जड पडला तर कडा गोल होतात आणि उठावाची अक्षरे पुसली जातात. हेडच्या पंख्यांना आम्ही पेपर लावलाच नाही, ते घडवताना जसे आले तसेच बरे.

एक ओरखडा मात्र अडला. डाव्या कव्हरवर खाली, चार बोटे लांब. बीएडच्या परीक्षेला अब्बा आम्हाला घेऊन निघाले होते, घाटात वाळूवर गाडी घसरली, तेव्हाचा. आम्हाला तो ठेवायचा होता. भाच्याला काढायचा होता. फोटोत तोच आधी दिसेल, गिऱ्हाईक पुन्हा भाव पाडेल, हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. वाद अम्मींकडे गेला. आम्हाला वाटले त्यांचे डोळे भरून येतील.

“कुठला घाट?” अम्मी म्हणाल्या. “मला तर सांगितलं, बाजारात बैलगाडीचा धक्का लागला.”

इतक्या वर्षांनी अब्बांची चोरी पकडली गेली. त्या दिवशी त्यांचा गुडघा का सुजला होता, याची चौकशी मग तासभर चालली आणि सगळे आमच्याच अंगावर आले. शेवटी अम्मींनी नखाने तो ओरखडा चाचपला. नख अडले. भाच्याने खरे ते सांगितले: नख अडते म्हणजे तो खोल आहे, तो घालवायचा तर भोवतालचा धातू तितकाच खाली न्यावा लागेल, आणि ओतीव कव्हर तिथे किती जाड आहे ते आतून मोजल्याशिवाय हात लावू नये. “राहू दे मग,” अम्मी म्हणाल्या आणि उठून गेल्या.

नवे गॅस्केट घालून कव्हरे बसवली, तेल भरले, स्क्रूंना थोडे ग्रीस लावले. वरून मेणाचा पातळ हात दिला. खाऱ्या हवेत दर दोन-तीन महिन्यांनी तो पुन्हा द्यावा लागेल. ॲसिडचा कोपरा थोडा उजळला, पण खड्डे राहिलेच, जवळून पाहिले की दिसतात. इंजिन अजून सुरू केलेले नाही, आतले काम वेगळे आहे. गिऱ्हाइकाला फोटो पाठवले तर त्याने लगेच भाव दुप्पट केला. भाऊ म्हणतो, अजून थोडा चढू दे. अम्मी रोज सकाळी पडवी झाडताना फडके घेऊन डाव्या बाजूने जातात, आणि विकायचे की नाही हे त्यांना अजून कुणी विचारलेले नाही.