लाजेपोटी दिलेली कबुली

न्यू इंग्लंड पेट्रियट्स या अमेरिकी फुटबॉल संघाचे मालक रॉबर्ट क्राफ्ट यांच्यावर फेब्रुवारी २०१९ मध्ये फ्लोरिडात दोन आरोप ठेवले गेले. ज्युपिटर गावातल्या एका मसाज पार्लरमध्ये त्यांनी पैसे देऊन शरीरसुख घेतलं, असं पोलिसांचं म्हणणं होतं. अमेरिकी कायद्यात हा 'मिसडिमीनर', म्हणजे किरकोळ गुन्हा.

सरकारी वकिलांनी क्राफ्ट आणि इतर गिऱ्हाइकांपुढे तडजोड ठेवली. खटला चालला असता तर आपण दोषी ठरलो असतो एवढं मान्य करा, शंभर तास समाजसेवा करा, गुप्तरोगाची तपासणी करून घ्या. आरोप मागे घेऊ. क्राफ्ट यांनी जाहीर माफी मागितली, पण ही तडजोड झिडकारली.

पोलिसांनी संशयास्पद वस्तू सापडल्याची थाप मारून पार्लर रिकामं करवलं होतं आणि आत छुपे कॅमेरे बसवले होते. वॉरंट होतं. पण निव्वळ मसाजसाठी आलेल्या, कपडे उतरवलेल्या निरपराध लोकांचं चित्रीकरण होऊ नये, याची काळजी घेतलीच गेली नव्हती. न्यायाधीश लेनर्ड हॅन्सर यांनी मे २०१९ मध्ये ते चित्रीकरण पुरावा म्हणून बाद केलं. ऑगस्ट २०२० मध्ये अपील कोर्टानंही तेच म्हटलं आणि पुढच्या महिन्यात आरोप मागे घेतले गेले. तडजोडीवर सह्या झाल्या असत्या, तर पोलिसांची ही मनमानी कोर्टासमोर तपासलीच गेली नसती.

पार्लरची मालकीण आणि तिथल्या काही महिलांनी मात्र डिसेंबर २०२० मध्ये किरकोळ गुन्ह्याची कबुली देऊन प्रकरण मिटवलं. लढण्याची ऐपत कोणाची होती, हे यातून उघड दिसतं.

प्रत्येकानं लढावंच असं मात्र नाही. कित्येक प्रकरणांत जाहिरात देणारी 'बाई' पोलीसच असते आणि फोनवरच्या मेसेजमध्ये भाव ठरलेला असतो. बहुतेक राज्यांत मागणी केली किंवा सौदा मान्य केला की गुन्हा पुरा होतो. पुढे काही घडलं नाही, हा बचाव तिथे टिकत नाही. असे मेसेज हाती असतील तर चांगली तडजोड पदरात पाडून घेणंच शहाणपणाचं. पण हे पुरावा पाहिल्यावर ठरवायचं. घरी कळू नये, पेपरात नाव येऊ नये, या धास्तीनं पहिल्याच तारखेला सही करण्यात आरोपीचं हित नाही.

परदेशी नागरिकांना ही घाई फारच महागात पडते. एच-वन-बीवर असलेल्या, ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या असलेल्या मराठी इंजिनिअरनाही हे लागू आहे. एखादं राज्य कबुली घेऊन शिक्षा लांबणीवर टाकतं, मुदत संपल्यावर प्रकरण बंद करतं; आरोपीला वाटतं, सुटलो. इमिग्रेशनचा कायदा मात्र कबुली आणि त्यासोबत लादलेली बंधनं पाहून तीच दोषसिद्धी धरू शकतो. अशा गुन्ह्याकडे नैतिक अधःपतनाचा गुन्हा म्हणून पाहिलं गेलं, तर व्हिसा आणि ग्रीन कार्ड दोन्ही अडचणीत येतात.

म्हणूनच २०१० मध्ये 'पडिया विरुद्ध केंटकी' खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं, की कबुलीमुळे देशाबाहेर जावं लागू शकतं, हे वकिलानं अशिलाला सांगितलंच पाहिजे. पण सांगायला वकील तर हवा! १९७९ च्या 'स्कॉट विरुद्ध इलिनॉय' निकालानुसार प्रत्यक्ष तुरुंगवास होणार नसेल, तर सरकारी खर्चानं वकील देण्याचं घटनात्मक बंधन नाही. म्हणजे दंडावर भागणाऱ्या प्रकरणात गरीब आरोपीला एकट्यानंच सही करावी लागू शकते, आणि त्या सहीपायी देश सोडायची वेळ आली तरी त्याला आधी सावध करणारं कोणी नसेल. कबुलीचा परिणाम देशातल्या वास्तव्यावर होणार असेल, तर दंडाच्या प्रकरणातही सरकारी खर्चानं वकील मिळालाच पाहिजे, आणि तोही सही करण्याआधी.