हूक एक, ट्रॅक्टर अनेक

बैलगाडीत मोळ्या रचणाऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. माल मागे जास्त गेला की गाडी उलार होते, पुढे जास्त आला की जू बैलांच्या मानेवर बसते. ट्रॉलीचे गणितही तेच आहे. पण ट्रॅक्टर काही बैलासारखा मान झाडून सांगत नाही, म्हणून तिकडे आपले दुर्लक्ष होते.

पैनगंगा-कयाधूच्या काठचा ऊस ट्रॉलीतून निघतो तेव्हा ट्रॉली एकाची आणि ट्रॅक्टर दुसऱ्याचा, असे पुष्कळदा असते. आज ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर जुंपला, उद्या ५० चा. एकाचा मागचा टायर १३.६-२८, दुसऱ्याचा १६.९-२८. नुसत्या टायरानेच धुरा सुमारे दोन इंच वर जातो. हूकची पट्टी वेगळी, तो फरक निराळाच. पिन बसली की ड्रायव्हर म्हणतो, "जुळलं, चला!" पिन बसली म्हणजे उंची जुळली असे नव्हे.

हिशेब करून पाहू. समजा, दोनचाकी ट्रॉलीच्या धुऱ्यापासून हूकपर्यंत १० फूट अंतर आहे आणि हूक ६ इंच जास्त उंच आहे. उसाच्या वजनाचा मध्य धुऱ्याच्या वर ५ फुटांवर धरला, तर तो ३ इंच मागे सरकतो. माल ८ टन असेल तर हूकवरचा भार २०० किलोने घटतो. ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात आणि काळ्या रानात जागीच फिरतात. मागे दुसरी दोनचाकी ट्रॉली असली तर तिच्या दांडीचा भार पहिलीच्या शेपटावर पडतो. पहिलीचे तोंड आणखी वर उचलले जाते.

हूक खाली असला तर उलटे. ट्रॉली तोंडावर पडते, हूकवर भार वाढतो, ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात. नाल्याचा चढ लागला की स्टिअरिंग फिरते, ट्रॅक्टर मात्र वळत नाही. समोरून मोटरसायकल येत असेल, तर पुढचे सांगायला नको.

यावर काही मंडळी भलताच उपाय करतात. दांडी वरच्या ब्रॅकेटला अडकवतात. हे सर्वांत घातक. ओढ धुऱ्याच्या वरून लागली की पुढचे तोंड उचलते आणि ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. १९१७ साली आलेला फोर्डसन ट्रॅक्टर नांगर अडकला की असाच मागे उलटे. हॅरी फर्ग्युसन यांनी तीन सांध्यांची जोडणी काढली, त्यामागे हेही एक कारण होते.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. ट्रॅक्टरचा हूक धुऱ्याच्या खालीच राहू द्यावा आणि उंचीचा फरक ट्रॉलीच्या दांडीला काढावा. दांडीच्या तोंडाला तीन-चार भोकांची जाड पट्टी चांगल्या कारागिराकडून बसवून घ्यावी. कडी वर-खाली करता येते. सपाट जागेवर, टायरांत हवा बरोबर भरून, जमिनीपासून हूकपर्यंत टेपने मोजावे. ट्रॉलीची फळी जमिनीला समांतर दिसली पाहिजे. पिनेला खालून कॉटर हवीच, साखळीही हवी. वाकलेला बोल्ट पिनेच्या जागी घालू नये.

"इतकी वर्षं चालतंय की हो," असे कोणी म्हणेल. चालते खरे. पण ज्या दिवशी चालत नाही, त्या दिवशी ट्रॅक्टरवरचा गडी आपल्याच गावचा असतो आणि मोळ्यांवर बसलेली तोडणीवाली माणसे कुणाच्या तरी घरची असतात. मोळ्यांवर माणूस बसवूच नये, हेही याच ठिकाणी सांगतो.

सगळा बोजा वाहनमालकावर टाकून भागणार नाही. कारखान्याच्या वाहतूक करारात हूकच्या उंचीची एक ओळ असावी. हंगामापूर्वी आवारात एक दिवस तपासणी ठेवावी, आणि प्रत्येक ट्रॉलीच्या दांडीवर तिची उंची रंगाने लिहावी. दुसरा ट्रॅक्टर जुंपणाऱ्याला लगेच कळेल. पट्टीचा खर्च एका उलटलेल्या खेपेपुढे काहीच नाही. संचालक मंडळाने हे मनावर घ्यावे, आणि सभासदांनी आपल्या फडावर आलेली ट्रॉली भरण्याआधी एकदा वाकून हूक पाहावा.