गोळी सुरू आहे ना, हे कोण विचारणार?

पुसद तालुक्यातील एखादे आडवळणाचे गाव किंवा तांडा डोळ्यांसमोर आणा. घरातील तरुण मुलाला स्किझोफ्रेनिया आहे. आधी बाहेरची बाधा समजून देवदेवस्की झाली, मग कुणीतरी यवतमाळला नेले. गोळ्यांनी तो झोपू लागला, शेतात जाऊ लागला. ‘आता बरा झाला’ म्हणून गोळ्या थांबल्या. यवतमाळ शंभरेक किलोमीटर, एका खेपेला दिवसाची मजुरी बुडते. काही महिन्यांनी पुन्हा तेच. डॉक्टरांना हे चित्र नवे नाही.

औषध लिहून देणे डॉक्टरांचेच काम. ते सुरू ठेवायला मात्र गावातले माणूस लागते, आणि ते शिकवून तयार करता येते. सातारा, गोवा आणि तमिळनाडूत स्किझोफ्रेनियाच्या 282 रुग्णांवर झालेला अभ्यास 2014 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. काहींना फक्त दवाखान्यातील उपचार मिळाले, इतरांना जोडीला प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांच्या गृहभेटी. वर्षभरानंतर गृहभेटी मिळालेल्यांची लक्षणे आणि रोजच्या कामातील अडचणी जास्त कमी झाल्या. फरक माफक होता, असे संशोधकच म्हणतात. पण मुलगा स्वतः आंघोळ करून जेवायला बसू लागला, तर तो फरक किती मोठा, हे त्याच्या आईला विचारावे.

नैराश्याबाबतचा अनुभव तर शेजारच्याच अमरावती जिल्ह्यातला आहे. तेथील 30 गावांत ‘विश्राम’ उपक्रम झाला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले.

स्वयंसेवकाला निदान शिकवायचे नाही. हात थरथरणे, अंग ताठरणे हे औषधाचे परिणाम असू शकतात. ते दिसले की गोळी बंद न करता डॉक्टरांना कळवायचे, हे शिकवायचे. भासांवर वाद घालू नये, कोंडून-बांधून ठेवू नये. ‘मरावेसे वाटते का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. कपाशीच्या या पट्ट्यात फवारणीचे औषध घरात कुठे ठेवले आहे, हेही पाहावे. आणि त्या घरातले पारावर बोलू नये. हे शेवटचे सर्वांत अवघड.

हे काम आशाताईंवर ढकलू नये, असे माझे मत आहे. गरोदर माता, लसीकरण, क्षयरोग. त्यात शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठीच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात घरोघरी प्रश्नावलीही त्यांच्याकडेच. प्रश्नावली एकदा भरली की संपते. येथे त्याच दारात पुन्हा पुन्हा जायचे आहे. त्यासाठी वेगळा माणूस हवा, त्याला मानधन हवे. महिन्यातून एक दिवस पुसदच्या उपजिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांसमोर बसून अडलेले विचारता यायला हवे. मधल्या काळासाठी ‘टेलिमानस’चा 14416 हा क्रमांक आहे.

त्याच दिवशी तेथे महिनाभराच्या गोळ्याही मिळायला हव्यात. नाहीतर स्वयंसेवकाने कितीही समजावले, तरी घरचे पुन्हा यवतमाळच्या तिकिटाचाच हिशेब करत बसतील.