‘जय भीम’मागचा बिडी मजूर

बाबू हरदास एल. एन. हे नाव आपल्या घराघरांत ‘जय भीम’ या अभिवादनाशी जोडले गेले आहे. या अभिवादनाच्या प्रसाराचे श्रेय समाज त्यांना देतो आणि ते योग्यच आहे. दरवर्षी जानेवारी महिन्यात कामठीजवळ कन्हान नदीच्या काठी त्यांना वंदन करण्यासाठी बांधव-भगिनी मोठ्या संख्येने जमतात. परंतु त्यांच्या कार्याचा एक मोठा भाग आपल्या स्मरणातून जवळजवळ निसटला आहे. हरदास हे बिडी मजुरांचे संघटक होते. आधी मजुरांची संघटना आणि मग विधिमंडळ, असा त्यांच्या आयुष्याचा क्रम होता. हा क्रम विसरल्याने आपल्या समाजाचे आणि राजकारणाचे नुकसान झाले आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

६ जानेवारी १९०४ रोजी कामठी येथे त्यांचा जन्म झाला. वडील रेल्वेत कारकून होते. मुलगा नागपूरला शिकून मॅट्रिक झाला. अस्पृश्य मानलेल्या समाजातील मॅट्रिक झालेला तरुण त्या काळी विरळाच. एखादी बरी नोकरी धरून घर सावरावे, एवढे शिक्षण हाती असताना त्यांनी वयाच्या सतराव्या वर्षी साप्ताहिक काढले आणि समाजकार्यात उडी घेतली. आपल्या वसतिगृहातून शिकून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलापुढे आजही हाच प्रश्न उभा राहतो. शिक्षण आपल्याला वस्तीतून बाहेर काढते. ते आपल्याला वस्तीकडे परत आणते काय?

हरदासांना ते बिडी मजुरांकडे घेऊन गेले. भंडारा, चांदा या भागांतील जंगलांत तेंदूपान विपुल. त्यावर मध्य प्रांतात बिडीचा धंदा वाढला आणि भूमिहीन कुटुंबांतील स्त्री-पुरुष व मुले त्यात ओढली गेली. या धंद्यातील शोषणाची रीत साधी होती. ठेकेदार पाने व तंबाखू मोजून देई आणि मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबाने ठरे. पाने फाटकी निघाली तरी बिड्यांची संख्या भरून देण्याचा भार मजुरावर पडे. तयार मालातील काही बिड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या जात आणि त्यांची मजुरी बुडे. काम घरोघरी विखुरलेले असल्याने कारखान्यांचा कायदा तेथवर पोहोचत नसे. बिडीच्या कामात राबणाऱ्या कोवळ्या मुलांची दखल १९३१ मध्ये शाही श्रम आयोगालाही आपल्या अहवालात घ्यावी लागली होती.

अशा विखुरलेल्या माणसांचा संघ उभारणे हे गिरणीच्या फाटकावर सभा घेण्याहून अवघड काम होय. येथे फाटक नाही, भोंगा नाही आणि मालकाचे दर्शनही नाही. हरदासांनी बिडी मजुरांचा संघ बांधला. त्याच काळात कामठीत रात्रशाळा चालविल्या, त्यांत मुलांबरोबर मुलींनाही शिकविले आणि संत चोखामेळ्यांच्या नावे वाचनालय काढले. आमच्या मते ही कामे एकमेकांपासून वेगळी नव्हती. ज्याला हजाराचा हिशेब वाचता येत नाही, त्याला ठेकेदाराची चलाखीही पकडता येत नाही.

या भक्कम पायावर त्यांचे राजकारण उभे राहिले. मे १९३२ मध्ये कामठी येथे दलित वर्गाची अखिल भारतीय परिषद भरली, तिच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. ऑगस्ट १९३६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. त्या पक्षाच्या वतीने हरदास १९३७ च्या निवडणुकीत नागपूर-कामठी मतदारसंघातून मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून गेले. त्या वेळी मताधिकार मालमत्ता, कर व शिक्षण यांवर अवलंबून होता आणि बहुसंख्य मजुरांना मतच नव्हते. म्हणजे ज्यांच्यासाठी ते विधिमंडळात गेले, त्यांतील पुष्कळांनी त्यांना मत दिलेले नव्हते, कारण त्यांना ते देताच येत नव्हते. मतांच्या बेरजेपलीकडचे प्रतिनिधित्व म्हणतात ते हेच. दुर्दैवाने क्षयाने त्यांना गाठले आणि १२ जानेवारी १९३९ रोजी, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. विधिमंडळात त्यांना पुरती दोन वर्षेही मिळाली नाहीत.

जातीचा प्रश्न वेगळा आणि मजुरीचा वेगळा, असे आपल्यापैकी काहींचे म्हणणे असते. बाबासाहेबांनी तसे मानले नाही. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला मुंबईत औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध जो संप झाला, त्यात स्वतंत्र मजूर पक्ष अग्रभागी होता. १९४२ मध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली आणि पक्षाच्या नावातील ‘मजूर’ हा शब्द गेला. परंतु त्याच वर्षी बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते हाती घेतले. कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्यांच्या त्या कारकिर्दीचे फळ आहे.

हा वारसा आज कोठे आहे? उमेदवारी मागणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मात्र एखाद्या वस्तीतील सफाई कामगारांची, घरकामगार भगिनींची किंवा कंत्राटी सुरक्षारक्षकांची संघटना दहा वर्षे चालवून मग उमेदवारी मागणारे किती? संघटनेत माणसाला वर्गणीचा हिशेब द्यावा लागतो, हरलेल्या संपानंतर त्याच माणसांसमोर उभे राहावे लागते आणि तडजोड का केली हे समजावून सांगावे लागते. ही शाळा वगळून जो थेट सभागृहात जातो, त्याला जाब विचारणारे कोणी उरत नाही. फलकावरील छायाचित्राला वर्गणीदार नसतात.

संघटनेतून आलेले सर्वच पुढारी निर्मळ राहतात, असा आमचा दावा नाही. कामगारांच्या खांद्यावरून सत्तेत जाऊन कामगारांनाच विसरलेले नेते या देशाने पाहिले आहेत. पण तेथे विसरणाऱ्याला आठवण करून देणारी संघटना तरी मागे उरते. जेथे ती मुळातच नाही, तेथे विश्वासघात झाला हेदेखील कळत नाही.

हा प्रश्न केवळ पुढाऱ्यांना विचारून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपल्यातील अनेक माजी विद्यार्थी आज अधिकारी आहेत, डॉक्टर आहेत, उद्योजक आहेत. कालचा मजूर आज मालक झाला, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु तथागतांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मालकाची कर्तव्येही सांगितली आहेत. शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावे आणि वेळोवेळी रजा द्यावी. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईंना आठवड्याची सुटी मिळते काय? धम्माच्या नावाने चालणाऱ्या आपल्या संस्थांमधील स्वयंपाकी, पहारेकरी आणि सफाई करणाऱ्या सेवकांना किमान वेतन मिळते काय? पंचशील म्हणून झाल्यावर हा हिशेब तपासला पाहिजे. सम्यक आजीविका आपल्या पगारापुरती मर्यादित नसते. आपण जे वेतन देतो, त्यातही ती दिसली पाहिजे.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही दोन गोष्टी सुचवितो. आपल्या शाळेतील वरच्या वर्गांना किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी आणि संघटनेचा हक्क यांची ओळख करून देण्यात यावी. यातील बहुतेक मुलांचे आईवडील मजुरीच करतात. मुलाने सुटीत घरी जाऊन वडिलांची वेतनपावती वाचून दाखविली, तर त्या शिक्षणाचे चीज होईल. दुसरे असे की, माजी विद्यार्थ्यांपैकी जे वकील व लेखापाल आहेत, त्यांनी महिन्यातून एक रविवार आपल्या भागातील असंघटित कामगारांना द्यावा.

बाबू हरदासांनी आपल्याला अभिवादनाचे दोन शब्द दिले. समोरचा माणूस एकटा नाही, एवढाच त्या शब्दांचा अर्थ आम्ही जाणतो. कंत्राटदाराच्या दारात उभ्या असलेल्या आपल्या बहिणीलाही तो अर्थ कळावा, इतके काम आपल्या हातून घडो.

जय भीम!