फोटोबाहेरची मुलं

२०२५ साली आमच्या दहावीला पन्नास वर्षं पूर्ण झाली. माणदेशातल्या ज्या शाळेत मी शिकलो, तिथल्या वर्गमित्रांनी स्नेहमेळावा भरवायचं ठरवलं आणि मेळावा म्हटल्यावर ओघानंच स्मरणिका आली. मला फोन आला. "तू लेखक. तुझ्याकडून दोन पानं आठवणी आणि असतील तेवढे फोटो. महिनाअखेरपर्यंत. उशीर केलास तर तुझ्या बँकेसारखं दंडव्याज लावीन." असं बजावणारा हा गृहस्थ शाळेत रोज प्रार्थना संपल्यावर कुंपणावरून उडी मारून येत असे.

अडतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला मुदतीचा धाक फार. त्याच संध्याकाळी माळ्यावरची ट्रंक खाली काढली. तळाशी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला वर्गाचा फोटो मिळाला. करड्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला, एक कोपरा कसरीनं खाल्लेला. मध्ये खुर्च्यांवर शिक्षक, पुढे सतरंजीवर मुली, मागे बाकांवर उभी राहिलेली मुलं आणि एकाच्या हातात खडूनं लिहिलेली पाटी : इयत्ता दहावी अ, १९७४-७५.

महाराष्ट्रात १९७५ साली शालान्त परीक्षेला दोन पिढ्या एकदम बसल्या. जुन्या पद्धतीची अकरावी त्या वर्षी शेवटची आणि दहा अधिक दोन अधिक तीन या नव्या आकृतिबंधातली दहावी पहिली. त्यामुळे अनेक शाळांत एकाच वर्षी दोन निरोपसमारंभ झाले, दोन फोटो निघाले. आमच्या घरात थोरली बहीण अकरावीला आणि मी दहावीला होतो. वडिलांनी पेढ्यांच्या एकाच पुड्यात दोन निकाल साजरे केले. फोटोच्या प्रतीला मात्र पाच रुपये पडत होते. ती रक्कम तेव्हा मजुराच्या एका दिवसाच्या कमाईपेक्षा जास्त होती. वडिलांनी एकच प्रत घेतली. माझी.

हे मला ट्रंक उघडेपर्यंत कधी जाणवलं नव्हतं. बहिणीला फोन करून विचारलं, तर ती हसून म्हणाली, "मी त्या फोटोत आहे एवढं माहीत आहे. फोटो काही पाहिलेला नाही." पन्नास वर्षांनी तिच्या वर्गातल्या एकानं आपली प्रत मोबाइलवर पाठवली, तेव्हा तिनं स्वतःचा अकरावीतला चेहरा पहिल्यांदा पाहिला.

तर, मी माझा फोटो मोजायला बसलो. विद्यार्थी एकेचाळीस. नावं आठवली एकोणतीस. मित्रांच्या ग्रुपवर टाकल्यावर आणखी पाच मिळाली. सात चेहरे बिननावाचे राहिले. ताळेबंद जुळल्याशिवाय झोप न लागण्याची जुनी खोड. शेवटी आम्ही दोघेतिघे शाळेत गेलो आणि मुख्याध्यापकांच्या परवानगीनं जनरल रजिस्टर उघडलं.

१९६९ च्या जूनमध्ये आम्ही पाचवीत आलो. त्याच जुलैत एका आठवड्यात चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि माणूस चंद्रावर उतरला. दोन्ही बातम्या गुरुजींनी एकाच सुरात वाचून दाखवल्या होत्या. रजिस्टरात त्या वर्षीच्या आमच्या तुकडीत नावं होती बासष्ट. त्यांतली दहावीच्या फोटोत चौतीस. उरलेले सात मधल्या वर्षांत दुसऱ्या शाळांतून आलेले. म्हणजे आमच्याबरोबर बाकावर बसलेली अठ्ठावीस मुलं फोटो काढायच्या आधीच गळाली होती. रजिस्टरात 'शाळा सोडल्याचे कारण' असा एक रकाना असतो. त्यात शाईनं लिहिलेलं : परगावी गेल्यामुळे. सतत गैरहजर म्हणून नाव कमी. घरगुती अडचण. घरगुती अडचण. घरगुती अडचण.

त्यातल्या एका 'घरगुती अडचणी'ची तारीख जानेवारी १९७३ ची होती. ती अडचण मला माहीत होती.

१९७२ चा दुष्काळ आमच्या भागानं कसा काढला हे निराळं सांगायला नको. रेशनवर लाल मिलो, पोरांना सुकडी आणि आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडायला. मी आठवीत होतो आणि माझं अक्षर बरं म्हणून वर्गाचा मॉनिटर होतो. फी थकलेल्यांची नावं फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी ते मन लावून, ओळ सरळ धरून करीत असे. एका सकाळी खिडकीजवळच्या मुलाचं नाव मी सलग तिसऱ्यांदा लिहिलं. तो उठला, पिशवी उचलली आणि गेला. कोणी थांबवलं नाही. मी तर पुढचं नाव लिहीत होतो.

तो पुन्हा भेटला १९८५ च्या सुमारास. मी जवळच्याच एका शाखेत अधिकारी होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून शेळ्यांसाठी कर्ज घ्यायला माणसं रांगेनं यायची. बहुतेक जण अंगठा उठवणारे, म्हणून मी सवयीनं शाईचं पॅड पुढे सरकवलं. समोरच्या माणसानं ते हलकेच बाजूला केलं, खिशातलं पेन काढलं आणि सही केली. ते वळण मी ओळखलं. आम्हा दोघांना एकाच गुरुजींनी कित्ता गिरवायला लावला होता. मग फॉर्मवरचं नाव पाहिलं. त्यानं मला आधीच ओळखलं असणार, पण तो "येतो साहेब" एवढंच म्हणाला. मीही काही बोललो नाही. मागे रांग होती, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो.

स्मरणिकेसाठी आलेले सगळे मजकूर वाचले तेव्हा हा प्रसंग पुन्हा वर आला. मित्रांनी मनापासून लिहिलं होतं. स्नेहसंमेलनातली नाटकं, सहलीची एसटी, चिंचा, कबड्डी, गॅदरिंगला बंद पडलेला माईक. सगळं खरं. पण अठरा लेखांत मिळून त्या अठ्ठावीस जणांपैकी एकाचंही नाव नव्हतं. 'सरांच्या छडीनं आम्हाला घडवलं' हे वाक्य मात्र सात लेखांत होतं. ज्यांना त्या छडीनं शाळेबाहेर घालवलं, त्यांना कोणी लेख मागितलेला नव्हता. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यानं शाळेत मुलांना मारायला मनाई केली. आपली नातवंडं ज्या मारापासून वाचली म्हणून आपण समाधान मानतो, त्याच माराचे गोडवे आपण स्मरणिकेत गातो. याचं कारण साधं आहे. आठवणी लिहायला उरतात ते तरलेले.

बँकेत एक नियम असतो. दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय धरतात. दहा वर्षं कोणी फिरकलं नाही, तर शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. पण खातेदाराचा किंवा त्याच्या वारसाचा हक्क संपत नाही. तो कधीही येऊन मागू शकतो, आणि बँकेनं अशा खातेदारांचा शोध घ्यावा, यादी लावावी अशी अपेक्षा असते. पैशाच्या बाबतीत आपण एवढं पाळतो. मग पाच वर्षं शेजारी बसलेल्या माणसाच्या बाबतीत का नाही? म्हणून माझं म्हणणं असं की, मेळाव्याची यादी फोटोवरून करू नये, रजिस्टरवरून करावी. वर्गमित्र म्हणजे बरोबर पास झालेला नव्हे. बरोबर बसलेला.

यावर ग्रुपमध्ये वाद झाला. एक मित्र म्हणाला, "लोक चार घटका आनंदाला येतात. सत्तरीकडे झुकलेल्या माणसांना कशाला जुन्या जखमा?" हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. आमच्यातल्या काहींना करोनानं नेलं, काहींच्या गुडघ्यांनी संप केला आहे. हसायला मिळालं तर कोणाला नको आहे? दुसरा आक्षेप जास्त वजनदार होता. जे शाळेतून गळाले त्यांना तुमच्या यादीत यायचंच नसेल तर? गळाल्याची जाहीर नोंद हा नवा अपमान नाही का? तो प्रश्न मला पटला. त्याचं उत्तर एकच. आधी जाऊन विचारायचं. फोटो छापायचा तर फोटोतल्याला आणि नाव छापायचं तर नावाच्या धन्याला.

शोधताना मुलींच्या बाबतीत सगळ्यात जास्त अडलं. आयोजक सगळे पुरुष. रजिस्टरात मुलींच्या नावापुढे वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. लग्नानंतर दोन्ही बदललेली, काही ठिकाणी सासरी पहिलं नावही बदललेलं. मुलगे आठ दिवसांत सापडले, मुलींना तीन महिने लागले. त्याही भावांना, भावजयांना, माहेरच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांना विचारून. सापडलेल्या बहुतेकींकडे शाळेचा एकही फोटो नव्हता. तो माहेरी राहिला आणि घर पाडताना किंवा वाटणी होताना गेला. माझ्या बहिणीची गोष्ट घरोघरची निघाली.

ज्यांच्या ट्रंकेत असा फोटो अजून आहे, त्यांना थोडं व्यवहाराचं सांगतो. फ्रेममधून काढता येत असेल तर काढून, खिडकीच्या मंद उजेडात, फ्लॅश न वापरता त्याचा फोटो घ्या. काचेवरून घेतलात तर दिव्याची तिरीप नेमकी कोणाच्या तरी तोंडावर येते. मोबाइलवरून धाडताना डॉक्युमेंट म्हणून धाडा, नाही तर बारीक चेहरे पुसट होतात. मूळ प्रत लॅमिनेट करू नका. मागच्या बाजूला नावं लिहायची तर मऊ शिसपेन्सिलीनं, बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. आणि नावं आजच लिहा. पुढच्या मेळाव्यापर्यंत ती सांगणारं कोणी असेल याची हमी नाही.

शेवटी मी त्याच्या वाडीला गेलो. ओसरीवर बसलो, फोटो दाखवला. जो फोटोत नव्हता त्यानं माझ्या बिननावाच्या सात चेहऱ्यांपैकी चौघांची नावं सांगितली. एकाच्या घरी कोणती भाजी जास्त व्हायची हेही सांगितलं, कारण मधल्या सुट्टीत ते दोघं डबा वाटून खात. मग मी फळ्याचं बोललो. तो जरा वेळ शेळ्यांकडे पाहत राहिला. म्हणाला, "अक्षर चांगलं हुतं तुमचं."

त्याला माफी म्हणायचं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मीही पुढे विचारलं नाही. स्मरणिकेत नाव घातलं तर चालेल का, एवढं विचारलं.

"घाला की. पर 'घरगुती अडचण' नगा लिहू. घरात काय बी अडचण नव्हती. फी थकली हुती, त्येवढं लिहा."

तसंच छापलं. ती परवानगी मी स्मरणिकेपुरती घेतली होती, म्हणून इथे त्याचं नाव दिलेलं नाही. स्मरणिकेच्या एका पानावर फोटो आहे आणि समोरच्या पानावर १९६९ च्या पाचवीतली, ज्यांचा शोध लागला आणि ज्यांनी होकार दिला त्यांची नावं. अठ्ठावीसपैकी अकरा जण सापडले, नऊ जणांनी हो म्हटलं, चौघं मेळाव्याला आले. तो आला नाही. शेळ्यांकडे कोण बघणार, म्हणाला. त्याची प्रत मी नेऊन दिली. फोटोही मूळ आकारात काढून दिला. या वेळी पैसे मी भरले. दुसरी प्रत बहिणीच्या वर्गाच्या फोटोची काढली. ती आता तिच्या सासरी, दर्शनी भिंतीवर आहे.