मुलांसह ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर

अनेक मराठी कुटुंबांतील कुणी ना कुणी आज सिडनी, मेलबर्न किंवा ब्रिस्बेन येथे स्थायिक झालेले असते. त्यांच्या भेटीला निघताना ‘एवढ्या लांब जातोच आहोत, तर’ या एका वाक्यावर सारा प्रवास रचला जातो. तीन आठवड्यांत चार शहरे, रोज नवे स्थळ, दर तिसऱ्या दिवशी सामानाची बांधाबांध. मोठी माणसे हे कसेबसे निभावून नेतात. मुलांची झोप मात्र विस्कटते, जेवणाच्या वेळा चुकतात आणि सहलीच्या मध्यावर एखादे मूल ताप घेऊन अंथरुणाला खिळते.

म्हणून या अंकात एक निराळा विचार आपल्यापुढे ठेवावासा वाटतो. नातलगांकडील मुक्कामातून पाच-सहा दिवस वेगळे काढावेत आणि ते समुद्रकाठच्या एकाच लहान गावात घालवावेत. उदाहरणादाखल पोर्ट मॅक्वारी हे गाव घेऊ. सिडनीच्या उत्तरेस सुमारे ३९० किलोमीटरवर, हेस्टिंग्ज नदीच्या मुखाशी ते वसले आहे. ही मूळची बिरपाई लोकांची भूमी. १८२१ मध्ये ब्रिटिशांनी येथे कैद्यांची वसाहत उभारली. आज ते कुटुंबवत्सल प्रवाशांचे आवडते गाव आहे. अशा गावातील सहल आखताना कोणती स्थळे पाहायची यापेक्षा मुलाचा दिवस कसा जाईल, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. कारण तेथील ऊन आणि समुद्र या दोहोंचे वेळापत्रक आपल्याला पाळावेच लागते.

केव्हा जावे?

आपली मे महिन्याची सुट्टी म्हणजे तेथील शरद ऋतूची अखेर. दुपार सुखद असते, सकाळ-संध्याकाळ स्वेटर लागतो. या काळात गर्दी कमी असल्याने निवासही तुलनेने स्वस्त मिळतो. दिवाळीच्या सुट्टीत तेथे वसंत असतो. ऊन कडक झालेले असते आणि किनारे गजबजू लागतात. डिसेंबर-जानेवारी हा तेथील शाळांच्या मोठ्या सुट्टीचा काळ. त्या वेळी जायचे असल्यास निवासाची व्यवस्था कित्येक महिने आधी करावी लागते.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, मे महिन्यात आणि बहुतेक वेळा दिवाळीतही तेथील चुलत-मावस भावंडांची शाळा सुरू असते. मुलांना एकत्र आणायचे असेल, तर जूनच्या दुसऱ्या सोमवारी न्यू साऊथ वेल्समध्ये सार्वजनिक सुट्टी असते, तिला जोडून येणारा शनिवार-रविवार उपयोगी पडतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. या राज्यातील बहुतेक किनाऱ्यांवरचा जीवरक्षकांचा पहारा सप्टेंबरअखेरीस सुरू होऊन एप्रिलअखेरीस संपतो. म्हणजे मे-जूनमधील सहल ही वाळूतील किल्ल्यांची, शंखशिंपल्यांची आणि देवमाशांची सहल असते, पोहण्याची नव्हे. हंपबॅक जातीचे देवमासे मे ते नोव्हेंबर या काळात या किनाऱ्याजवळून जातात. जूनमध्ये ते उत्तरेकडे निघालेले असतात, तर दिवाळीच्या सुमारास पिलांना घेऊन दक्षिणेकडे परतत असतात. १८७९ मध्ये बांधलेल्या टॅकिंग पॉइंट दीपगृहाच्या टेकडीवरून त्यांचे दर्शन घडू शकते, आणि त्यासाठी तिकीट काढावे लागत नाही.

प्रवास आणि झोप

सिडनीचे घड्याळ आपल्यापुढे साडेचार तास असते. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेपाच तास. घरी रात्री साडेनऊला झोपणाऱ्या मुलाला जूनमध्ये तेथे पोहोचल्यावर पहाटे दोनपर्यंत झोप येत नाही, यात त्याचा हट्ट नसतो. त्यामुळे विमानातून उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी लांबचा मोटारप्रवास ठेवू नये. तीन-चार दिवस नातलगांकडे स्थिरावावे, सकाळच्या कोवळ्या उजेडात मुलांना बाहेर खेळू द्यावे, मगच निघावे.

मोटारीने हे अंतर चार तासांहून थोडे अधिक आहे. दर दोन तासांनी थांबून मुलांना पाय मोकळे करू द्यावेत. आपल्याकडे मूल मांडीवर घेऊन बसण्याची सवय असते. तेथे तो गुन्हा आहे. न्यू साऊथ वेल्समध्ये सात वर्षांखालील प्रत्येक मुलाला त्याच्या वयाला योग्य अशी मान्यताप्राप्त चाइल्ड सीट सक्तीची आहे, आणि ती ऑस्ट्रेलियाच्या मानकानुसारच असावी लागते. म्हणून आपल्याकडची सीट बरोबर नेण्यापेक्षा भाड्याच्या मोटारीबरोबरच ती मागवावी. नातलगांची मोटार असेल, तर मुलांचे वय त्यांना आधी कळवून सीटची सोय करून ठेवण्यास सांगावे.

निवास, स्वयंपाक आणि औषधे

लहान मुले बरोबर असता स्वयंपाकघर असलेला निवास घ्यावा. हॉलिडे पार्कमधील केबिन किंवा अपार्टमेंट यांत गॅस, फ्रीज, भांडी असतात. तांदूळ, डाळ, दही, भाज्या गावातील सुपरमार्केटमध्ये मिळतात आणि नळाचे पाणी पिण्यायोग्य असते. दिवसातून एकदा वरणभात पोटात गेला, की बाकीच्या वेळी मुले नवे पदार्थ आनंदाने चाखून पाहतात.

घरून खाऊ नेताना मात्र विवेक हवा. ऑस्ट्रेलियाचे जैवसुरक्षेचे नियम अत्यंत कडक आहेत. पेढे, बर्फी, खवा यांसारखे दुग्धजन्य पदार्थ, ताजी फळे, बियाणे नेऊ नयेत. लोणची, मसाले, लाडू, चिवडा असे जे काही बरोबर असेल ते विमानतळावर भरावयाच्या पत्रकात प्रामाणिकपणे नोंदवावे. नोंदवलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते. लपवलेल्या वस्तूसाठी मोठा दंड होऊ शकतो.

मुलांची व आजी-आजोबांची नेहमीची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. तेथील मेडिकेअर ही सरकारी आरोग्यसेवा भारतीय पर्यटकांना लागू नाही, त्यामुळे सर्वांचा प्रवास विमा आवश्यक आहे. आजोबांचा मधुमेह किंवा आजींचा रक्तदाब विमा घेताना सांगायला संकोचू नये. तातडीच्या मदतीसाठी ०००, हा क्रमांक घरातील प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असावा आणि मोठ्या मुलांना तोंडपाठ असावा.

ऊन

उन्हात वाढलेल्या आपल्या मुलांना तेथील उन्हाचे काय भय, असे पुष्कळांना वाटते. सावळ्या त्वचेला काही प्रमाणात नैसर्गिक संरक्षण असते हे खरे. पण अतिनील किरणांपासून डोळ्यांना आणि त्वचेला होणारी हानी त्याने पूर्ण टळत नाही. शिवाय ही किरणे हवेतील उष्म्यावरून ओळखता येत नाहीत. गार वारा सुटलेला असतानाही त्यांची तीव्रता मोठी असू शकते. तेथे दररोज अतिनील निर्देशांक जाहीर होतो. तो ३ किंवा त्याहून अधिक असेल, तेव्हा संरक्षण घ्यावे असा सल्ला दिला जातो. उन्हाळ्यात तो ११ च्याही वर जातो. अंगभर सदरा, सनस्क्रीन आणि टोपी यांचा प्रचार त्या देशात १९८१ पासून चालू आहे, आणि अनेक प्राथमिक शाळांत टोपी नसलेल्या मुलाला मधल्या सुट्टीत उन्हात खेळू देत नाहीत.

आपला दिवस याच हिशेबाने आखावा. उन्हाळ्यात सकाळी दहापर्यंत किनारा, दुपारी जेवण व झोप, चारनंतर पुन्हा बाहेर. लांब बाह्यांचा पोहण्याचा पोशाख आणि रुंद काठाची टोपी घालावी. सनस्क्रीन बाहेर पडण्यापूर्वी २० मिनिटे लावावे आणि दर दोन तासांनी, तसेच पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावावे. सहा महिन्यांखालील बाळाला मात्र सावली आणि कपडे यांवरच सांभाळावे.

समुद्र

आता सर्वांत गंभीर विषय. गुहागर किंवा अलिबागच्या वाळूत घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहणे, एवढीच आपल्यापैकी बहुतेकांची समुद्राशी ओळख असते. तरणतलावात पोहायला शिकलेले मूलही लाटांत गोंधळते. ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा खुल्या महासागराला भिडलेला आहे आणि त्याच्या निळ्या, प्रसन्न रूपाने आपण सहज फसतो. जानेवारी २०२४ मध्ये व्हिक्टोरिया राज्यातील फिलिप आयलंड येथे, जीवरक्षकांचा पहारा नसलेल्या किनाऱ्यावर, एकाच कुटुंबगटातील भारतीय वंशाच्या चौघांचा बुडून मृत्यू झाला. त्यांतील एक व्यक्ती भारतातून भेटीसाठी गेलेली होती.

या किनाऱ्यांवरील मोठा धोका म्हणजे ‘रिप’, म्हणजेच किनाऱ्याकडून खोल समुद्राकडे वाहणारा जोरदार प्रवाह. नवख्या माणसाला तो ओळखता येत नाही. जेथे पाणी अधिक गडद दिसते आणि लाटा कमी फुटतात, तेथे तो असण्याचा संभव असतो. आणि नेमकी तीच जागा आपल्याला शांत, म्हणून सुरक्षित वाटते. यावर उपाय सोपा आहे. जीवरक्षक किनाऱ्याची पाहणी करून लाल-पिवळे झेंडे रोवतात. पाण्यात उतरायचे ते त्या दोन झेंड्यांच्या मधेच. झेंडे नसतील, तर त्या दिवशी वाळूतच खेळावे. कोणत्या किनाऱ्यावर कधी पहारा आहे, हे ‘बीचसेफ’ या ॲपवर आदल्या रात्री पाहून ठेवावे.

प्रवाहात सापडल्यास त्याच्या विरुद्ध पोहण्याचा प्रयत्न करू नये. त्यात शक्ती संपते. शांत राहून तरंगावे आणि हात वर करून मदत मागावी. दुसरे कुणी ओढले जात असेल, तर आपण मागोमाग उडी घेऊ नये. जीवरक्षकाला हाक मारावी, ०००ला फोन करावा, तरंगणारी वस्तू फेकावी. मुलाला वाचवायला गेलेले पालक स्वतःच बुडाल्याच्या घटना आपल्या कोकणातही घडतात.

आणखी एक गोष्ट एकत्र कुटुंबांसाठी. आठ मोठी माणसे किनाऱ्यावर असली, की प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याचे लक्ष आहे. म्हणून पाळी लावावी. वीस मिनिटे एकाने फक्त मुलांकडे पाहावे. त्या वेळात मोबाइल नाही, छायाचित्रे नाहीत, गप्पा नाहीत. पाच वर्षांखालील मूल हाताच्या अंतरावरच असावे. साडी, सलवार, जीन्स भिजून जड होतात. तसे कपडे घालून मुलाला कडेवर घेत लाटांत जाऊ नये.

दंश, पाऊस आणि डास

न्यू साऊथ वेल्सच्या किनाऱ्यावर निळ्या फुग्यासारखे दिसणारे ब्लूबॉटल कधी कधी वाहून येतात. त्यांचा दंश झोंबतो, पण सहसा जिवावर बेतत नाही. तंतू अलगद काढून जागा समुद्राच्या पाण्याने धुवावी, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात २० मिनिटे बुडवून ठेवावी. पाणी किती गरम आहे हे मोठ्याने आधी स्वतःच्या हातावर पाहावे. श्वास लागल्यास ताबडतोब ०००. केर्न्सकडील उष्ण कटिबंधीय किनाऱ्यावर नोव्हेंबर ते मे या काळात याहून फार घातक जेलीफिश असतात आणि तेथील प्रथमोपचारही वेगळा असतो. म्हणून एका किनाऱ्याचे ज्ञान दुसऱ्यावर वापरू नये.

मोठा पाऊस पडून गेल्यावर एक दिवस समुद्रात आणि तीन दिवस नदीमुखाशी पोहू नये, कारण वाहून आलेल्या घाणीने पोट बिघडते. संध्याकाळी नदीकाठी फिरताना डासांपासूनही मुलांना जपावे.

पाण्यावाचूनचे दिवस

रोज समुद्रात डुंबलेच पाहिजे असे नाही. या गावात १९७३ पासून कोआलांचे रुग्णालय चालते. भाजलेल्या, मोटारीने ठोकरलेल्या, डोळ्यांच्या आजाराने पीडित कोआलांवर तेथे उपचार होतात. न्यू साऊथ वेल्समध्ये पर्यटकांना कोआला कडेवर घेण्यास मनाई आहे. प्राण्यावरचे प्रेम अंतर राखूनही करता येते, हा धडा मुलांना तेथे आपोआप मिळतो. सी एकर्स या वर्षारण्यात १.३ किलोमीटरची लाकडी पायवाट आहे. तीवरून चाकांची खुर्ची वा बाबागाडी सहज जाते, म्हणून आजी-आजोबाही बरोबर येऊ शकतात. नदीमुखाच्या दगडी बांधावर सुट्टीला आलेल्या कुटुंबांनी रंगवलेले दगड आहेत; ते वाचत चालताना मुलांचा तास सहज जातो, आणि कधी शेजारच्या नदीत डॉल्फिनही दिसतात.

वाचकहो, तिकिटे काढण्यापूर्वी घरातील सर्वांनी, मुलांनीही, एकत्र बसून तीन गोष्टी ठरवाव्यात: दुपारची विश्रांती कुणी मोडायची नाही, झेंडे नसतील तेथे कुणी पाण्यात उतरायचे नाही, आणि पाण्यावर लक्ष ठेवण्याची पाळी कुणाची हे रोज सकाळी ठरवायचे. नियम आधीच मान्य झालेले असले, की किनाऱ्यावर पोहोचल्यावर रागवारागवी उरत नाही. उरतात ती वाळू, वारा आणि मोकळा वेळ. मुलांना त्याहून अधिक काही लागत नाही.