जीपचा कर्ता कोण?

जीप म्हणजे मुक्ती, जीप म्हणजे साहस, हे जाहिरातींनी रचलेले मिथक आपले समीक्षकही निमूटपणे स्वीकारतात, याचा आम्हांस खेद वाटतो. १९४० साली अमेरिकी सैन्याने अवघ्या ४९ दिवसांत नमुना मागितला. तो दिला बॅन्टम या लहान कंपनीने. सैन्याने तिचे आराखडे विलीज आणि फोर्ड यांच्या हाती दिले. युद्धकाळात त्यांनी सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या आणि जनकत्व मिरवले विलीजने. १९४८ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हा दावा दिशाभूल करणारा ठरवला. तरी १९५० मध्ये 'जीप' ही नाममुद्रा विलीजच्याच नावे नोंदली गेली. 'लेखकाचा मृत्यू' शिकवणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे : येथे कर्ता मेलेला नाही, पुसला गेला आहे. जीपच्या कणखरपणाचे कौतुक अवश्य करावे. परंतु ते कोणाच्या खाती मांडायचे, हे आधी विचारावे.